पोटात काळीज असलेला शब्द

मी एक जुना शब्द आहे. नाव डिस्कॉर्ड. नांदतो इंग्रजीत, माझं मूळ लॅटिनमधलं. तुम्ही मला भांडण म्हणता. पण मित्रांनो, भांडण काय, मांजरंही करतात! माझ्या नावाचे दोन तुकडे आहेत : आधी ‘दूर’, मग ‘काळीज’. फ्रेंचांच्या घरी मुक्काम करून मी इंग्रजीत आलो, त्याला शतकं लोटली. राजदरबारात मला मान होता. गवयांनी न जुळणाऱ्या सुरांना माझं नाव दिलं. आता इतका गुळगुळीत झालोय, की पोटातलं काळीज कुणाला दिसत नाही.

एका लाँड्रीत मात्र ते कुणीतरी पाहिलं.

लाँड्री घरचीच; तिथे दोन जावा हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालायच्या. एवढी मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी टोकं धरून ताणायची, चालत जवळ यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. एकदा धाकटीच्या हातून टोकं निसटली. धुतलेली चादर मोरीत!

“सोडलीस!” थोरली कडाडली.

“सुटली हो, ताई.”

“माझ्यावरचा राग चादरीवर काढतेस?”

“तसं वाटतंय ना? मग तसंच समजा, जाऊबाई.”

ताईची जाऊबाई झाली, तिथेच सगळं संपलं. दोघींनी भिंतीत खिळे ठोकले आणि जी ती चादरीचं टोक खिळ्याला अडकवून एकटीच घड्या घालू लागली. घड्या सगळ्या वाकड्या. हॉटेलचा मॅनेजर तिथेच इस्त्री करणाऱ्या त्यांच्या सासूला म्हणाला, “आजी, घरात डिस्कॉर्ड दिसतोय.”

“शिवी देताय की रोगाचं नाव सांगताय?”

त्याने माझा अर्थ सांगितला : काळजं लांब गेली.

“म्हणजे काळजं आहेत तर!” सासू म्हणाली. “मला वाटलं, दगड आणलेत घरात.”

तिने दोघींना बोलावून हातात चादर दिली. “बोलू नका. तोंडंही बघू नका. नुसत्या चालत या.”

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच मला हरावंसं वाटलं. चादर ताणली गेली. धाकटीने आधी यावं, ती लहान, म्हणून थोरली थांबली. थोरलीने आधी यावं, आळ तिने घेतला, म्हणून धाकटी थांबली. चादर मधोमध झोळीसारखी लोंबू लागली. मग थोरलीने आपली टोकं हळूच टेबलावर ठेवली.

या वेळी चादर सुटली नव्हती, सोडली होती.

पुढच्याच आठवड्यात कपडे धुण्याचं एक मशीन घेऊन धाकटीने दुसऱ्या गल्लीत वेगळी लाँड्री थाटली. थोरलीनेही घड्यांना हात लावणं सोडलं.

मित्रांनो, मला खुशाल विसरा. पण समोरच्याने टोक धरलं असेल, तर पहिलं पाऊल कुणाचं याचा हट्ट धरू नका. ती सासू अजून चादर हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालते. कधी सवयीने टोकं पुढे करते. समोर भिंत असते, आणि भिंतीत खिळा.