फेन्नाच्या लग्नाची कवळी

द्रेंथ प्रांतातल्या आमच्या खेड्यांत बाप मुलीला लग्नात कवळी द्यायचा. तोंडातले सगळे दात उपटायचे, हिरड्या भरू द्यायच्या आणि नव्या कवळीसकट पोरगी सासरी धाडायची, म्हणजे जावयाला पुढे दातांचा ताप नको. दात चांगले आहेत की किडके, हे विचारायची पद्धतच नव्हती. युद्ध संपलं, शेतात ट्रॅक्टर आले, तरी लोकांच्या डोक्यातून हे खूळ काही गेलं नाही.

फेन्नाचे दात नजर लागावी असे होते. हार्मशी तिचं लग्न वसंतात ठरलं, तेव्हा बापाने, बेरेंडने, कौतुकाने सांगितलं, "तुझी कवळी ठरवून आलोय गं, पोरी. एकदम उंची!" लहानपणी शाळेत आलेल्या दंतवैद्याने बाईंना तिचे हात धरायला लावून, न बधिरवता दाढ ओढली होती. तेव्हापासून औषधी लवंगतेलाचा वास आला तरी तिला दरदरून घाम फुटे. तरीही ती बापाला हो म्हणाली. एकदा काय तो जीव जाऊ दे, पुन्हा आयुष्यात त्या खुर्चीत बसायला नको, असा तिचा हिशेब होता.

पण बटाटे काढायच्या दिवसांत तिची मागची दाढ अशी ठणकायला लागली, की तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. शेवटी कुणाला न सांगता ती सायकल काढून तालुक्याच्या गावी गेली. दोनदा दातांच्या दवाखान्याच्या दारातून परत फिरली. तिसऱ्यांदा तिथल्या डॉक्टर काउपर्सनेच दार उघडलं.

"आत तर ये. नुसती बस. तू सांगेपर्यंत मी काही हातात घेत नाही."

माणूस नवा होता आणि शब्दाचा पक्का होता. त्याने आधी सुई दाखवली, मग आरसा दिला, मध्येच ती रडली तेव्हा खिडकीबाहेर बघत थांबला. दाढ भरून झाली तेव्हा फेन्नाला हसूच आलं. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं जीव मुठीत धरून जगलो!

"बाकीचे उपटायला कधी येऊ?" तिने विचारलं.

"उपटायला? अगं, वेड लागलंय का तुम्हा लोकांना? हे दात म्हातारपणापर्यंत साथ देतील तुला."

घरी परतताना फेन्नाने ठरवून टाकलं. दात आपले आहेत, आपल्याच तोंडात राहतील.

रविवारी चर्चनंतर हार्म आणि त्याची आई लामिना कॉफीला आले. मनुकांचा पाव कापता कापता फेन्ना म्हणाली, "मला कवळी नको. माझे दात चांगले आहेत."

बेरेंडचा चेहरा उतरला. लामिना आपल्या कवळीतून हसली. "घाबरली गं बाई! आम्ही काय लोखंडाच्या होतो? एका दुपारी सगळे काढले माझे, आणि संध्याकाळी गाईंची धार काढली मी."

"घाबरले नाही, काकू. मी जाऊन आलेय डॉक्टरकडे. भीती गेली माझी."

"गेली ना? मग अडलं कुठं?" हार्म म्हणाला. त्याने मस्करी केली आणि सगळे खो खो हसले. तो पुढे म्हणाला, "आमच्या घरात भित्री सून आली म्हणून गावभर होईल, फेन्ना. आईला बरं दिसेल का ते?"

तिने परोपरीने सांगितलं. भीती नाही, दात निरोगी आहेत, मला ते हवेत. पण 'मला हवेत' हे त्या टेबलाशी कुणाच्या कानातच शिरेना. जेवढं ती बोले, तेवढी ती त्यांना जास्त भेदरलेली दिसे. शेवटी ती चिडली. "जाते मी दात उपटायला. बघाच मग, कोण भितंय ते!"

ठरल्या दिवशी लामिना आणि हार्म दोघेही सोबत होते. काउपर्सने त्यांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि हळूच म्हणाला, "एक शब्द बोल. मी त्यांना सांगतो, काढण्यासारखं काही नाही."

दारापलीकडे लामिनाचं खुसखुसणं ऐकू येत होतं. फेन्नाने मान मागे टेकली.

"काढा," ती म्हणाली.

तिला घाम फुटला नाही. बाहेर आली तेव्हा तोंडात कापूस कोंबलेला होता आणि हनुवटीवर रक्त. हार्मने अभिमानाने तिचा दंड धरला.

"हूं की चूं केलं नाही, आई! वाघीण आहे वाघीण!"

"बघ, उगाच घाबरत होतीस," लामिनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

फेन्नाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तिला म्हणायचंय तरी काय, ते दोघांनाही कळलं नाही. तिला स्वतःची भयंकर चीड आली होती. पूर्वीची घाबरट फेन्ना असती, तर दारातूनच पळून गेली असती आणि तिचे दात वाचले असते.