जोतीरामची आई ट्रान्सपोर्ट बघायला जाते

कसबा बावड्याच्या जोतीराम चौगलेला हेवी लायसन्स मिळालं ते सत्त्याण्णव साली, उसाचा हंगाम संपल्यावर. तोवर तो कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवत होता. मागे दोन ट्रॉल्या, पुढे बैलगाड्यांची रांग आणि वेग असा, की रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं त्याच्याशी गप्पा मारत मारत कारखान्यापर्यंत यायची. या गप्पांना तो विटला होता. त्याला ट्रक घेऊन लाईनवर जायचं होतं. गुजरात, मद्रास, जमलं तर कलकत्ता. जिथली माणसं त्याला ओळखत नाहीत अशा कुठल्याही गावाला जायची त्याची तयारी होती.

त्या वर्षी ड्रायव्हरांचा तुटवडा होता, त्यामुळे आठवड्याच्या आतच दोन ट्रान्सपोर्टवाल्यांनी त्याला निरोप धाडले. जोतीराम खूश झाला आणि त्या खुशीत त्याने ही गोष्ट आईला सांगितली. तिथंच चुकलं.

चिमणाबाईंनी म्हशीची धार काढता काढता सगळं ऐकून घेतलं.

"कवा जायाचं बघायला?" त्या म्हणाल्या.

"काय बघायला?"

"ट्रान्सपोर्ट. लेक देताना घर बघतो न्हवं आपण? मग ल्योक देताना का बघायचं न्हाय?"

जोतीरामने वडिलांकडे पाहिलं. वडील कारखान्यात फिटर होते आणि बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं शिकून घेतलं होतं, की अशा वेळी बिडी ओढायला बाहेर जावं. ते गेले.

चिमणाबाईंचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. थोरल्या मुलीच्या वेळी त्यांनी फक्त घर बघितलं होतं. घर चांगलं होतं, माणसं नव्हती. तेव्हापासून कुठंही गेल्या की त्या आधी शेजारी चौकशी करत आणि मग उंबरा ओलांडत.

पहिलं ट्रान्सपोर्ट बाळासोंचं. मार्केट यार्डात गुळाच्या अड्ड्यांना लागून त्यांचं ऑफिस होतं आणि त्यांच्या ट्रकांतून गूळ अहमदाबादला जायचा. दारात नवा कोरा ट्रक उभा होता. कपाळाला गोंडे, आरशांना रिबिनी, टपावर चार हॉर्न आणि आत टेप. जोतीरामने त्या ट्रकला दोन फेऱ्या मारल्या. लग्न ठरवायचंच असेल तर त्याच्या बाजूने ते ठरलेलं होतं.

चिमणाबाई मात्र आधी शेजारच्या चहाच्या गाड्यावर गेल्या.

"बाळासो माणूस सोन्यासारखा हाय," चहावाला म्हणाला. "ड्रायव्हर तेवढं टिकत न्हाईत."

मग त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. बाळासोंनी मावशी मावशी करत चहा मागवला. जोतीराम मान खाली घालून बसला.

"ह्याच्या आदीचा ड्रायव्हर का गेला?" चिमणाबाईंनी विचारलं.

"बिचाऱ्याची आजी वारली. गावाकडं गेला, त्यो तिकडंच राहिला."

"आरारा. आणि त्याच्या आदीचा?"

"त्याचीबी आजीच, मावशी. योगायोग बघा."

"आणि त्याच्या आदीचा?"

बाळासोंनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"आजीच," ते म्हणाले.

चिमणाबाईंनी मनापासून हळहळ व्यक्त केली, चहा संपवला आणि त्या उठल्या. यार्डाचं फाटक त्यांनी ओलांडलं. मग म्हणाल्या, "ज्याच्या दारात येवढ्या आज्ज्या मरत्यात, तिथं माझं पोरगं न्हाय."

दुसरी कंपनी शिरोलीला हायवेवर होती. तिच्या गाड्यांतून फौंड्रीतला माल मद्रासला जायचा. मालक बेळगावला बसायचे आणि इथलं सगळं मॅनेजर महांतेश बघायचे. ते संकेश्वरचे, पांढऱ्या पँटीतले, मऊ बोलणारे. "बसा यव्वा," अशी कानडीतून आई म्हणून हाक मारत त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. पगार ठरलेला, विमा काढलेला, गाडीवर दोन ड्रायव्हर. भिंतीवर नियमांचा एक लांबलचक बोर्ड होता. जोतीरामला इथं टेप कुठं दिसला नाही, पण आईला हे पसंत पडेल असं वाटलं.

"आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे, यव्वा," महांतेश म्हणाले.

"कुटुंब हाय तर मग बघूनच येतो," असं म्हणून चिमणाबाई उठल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत मागच्या आवारात गेल्या.

तिथं पिराजी नावाचा ड्रायव्हर ट्रकच्या आरशावर बनियन वाळत घालत होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस.

"पावणं, घरला कवा गेलता?" चिमणाबाईंनी थेट विचारलं.

पिराजी आठवायला लागला. त्याला बराच वेळ लागला.

"म्हैन्यावर झालं की," तो म्हणाला. "गेलतो तवा धाकटं पोरगं दारातच खेळत हुतं. मला बघून म्हणालं, पावणं, बसा, आई पाण्याला गेलीया."

असं म्हणून तो खो खो हसला. चिमणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे पुसले, जोतीरामचं मनगट धरलं आणि त्याला कुंपणाबाहेर काढलं. सव्वीस वर्षांचा जोतीराम आईने मनगट धरलेलं असताना हायवे ओलांडून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपपर्यंत गेला. अख्खी शिरोली बघत होती असं त्याला वाटलं.

"मग मी काय जन्मभर उसाच्या मागं फिरू?" जीपमध्ये तो म्हणाला.

"तिसरं बघू की. दुनियेत काय दोनच हाईत?"

पण जोतीरामच्या डोक्यात ते चार हॉर्न वाजत होते. दोन दिवसांनी, आई संघात दूध घालायला गेली असताना, त्याने पिशवीत कपडे कोंबले, वडिलांना तेवढं सांगितलं आणि यार्ड गाठलं. बाळासोंनी त्याला मिठीच मारली. गुळाच्या ढेपा भरून ट्रक तयार होता. जोतीराम स्टेअरिंगवर बसला, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि आधी एक उशी, मग जेवणाचा डबा आणि मग स्वतः बाळासो आत आले.

"मालक, तुमीबी येणार?"

"नवी गाडी हाय. एकटी कशी सोडू?"

कराड यायच्या आत जोतीरामला आज्ज्या का मेल्या ते कळलं. बाळासो गप्प म्हणून बसत नव्हते. खड्डा दिसायच्या आधी ते "खड्डा" म्हणत, खड्डा आला की "आला" म्हणत आणि गेला की "गेला" म्हणत. "ब्रेक. ब्रेक. आता सोड. सोड म्हंतो की. आता का सोडलास?" टेप लावायचा नाही, कारण बॅटरी उतरते. हॉर्न फक्त मालकांनी वाजवायचा, आणि ते तो समोर म्हैस आली तरी वाजवत, देऊळ आलं तरी वाजवत. साताऱ्यापर्यंत जोतीरामच्या मानेला रग लागली होती, कारण डावीकडे न बघता "व्हय मालक" म्हणणं त्याला जमत नव्हतं.

दुपारी ट्रक खंबाटकीच्या माथ्यावर पोचला. पुढे सगळा वळणावळणाचा उतार.

"न्यूटल कर," बाळासो म्हणाले.

"काय?"

"न्यूटल. उतार हाय. फुकटात जातंय, डिझेल वाचतंय."

जोतीरामने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. "न्हाय जमणार, मालक. ट्रॅक्टरला एकदा केलती न्यूटल. मागच्या ट्रॉल्या माझ्या फुडं जाऊ बघत हुत्या."

"ट्रॅक्टर न्हवं ह्यो. मी सांगतोय न्हवं?"

"गुळाचं वझं हाय मागं. ब्रेक तापला तर गाडी थांबायची न्हाय."

पहिल्या वळणापर्यंत बाळासोंनी धीर धरला. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे त्यांनी स्वतःच गिअरच्या दांड्याकडे हात घातला. जोतीरामने विचार केला नाही. त्याने त्या हातावर फाडकन चापट मारली. आवाज एवढा झाला की दोघंही क्षणभर गांगरले. मग बाळासोंनी हात मांडीखाली घातला आणि पायथा येईपर्यंत ते त्यावर बसून राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच केबिनमध्ये इंजिनाचा आवाज ऐकू आला.

खाली उतरल्यावर जोतीरामने एका ढाब्यासमोर ट्रक नीट कडेला लावला, चावी काढून मालकांच्या हातात दिली आणि पिशवी घेतली.

"आरं, मग फुडं कोण नेणार?" बाळासो म्हणाले.

"तुमीच न्या. तसंबी कोल्हापुरापासनं तुमीच चालवताय."

"लोकांनी इचारलं तर काय सांगू? का सोडून गेला म्हणून?"

"झालं तेच सांगा, मालक. माझ्या दोन्ही आज्ज्या जित्या हाईत."

तो रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिला. आपण एवढं बोललो याचाच त्याला धक्का बसला होता, आणि घरी काय तोंड दाखवायचं हा त्याहून मोठा प्रश्न होता. बऱ्याच वेळाने पुण्याची छोटी खेप टाकून परतणारा एक ट्रक आला आणि करकचून थांबला. खिडकीतून पिराजीने डोकं बाहेर काढलं.

"आईनं सोडलं व्हय एकट्याला?" तो म्हणाला. "बस की."

जोतीरामने त्याला सगळं सांगितलं. चापटीचं ऐकून पिराजी इतका हसला की त्याला गाडी हळू करावी लागली. घाटात मात्र त्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही. वर चढला, पलीकडे उतरला, सगळं खालच्या गिअरमध्ये.

"तुमी न्यूटल करत न्हाई?" जोतीरामने विचारलं.

"बोर्डावर लिवलंय, उतारावर न्यूटल केली की नोकरी गेली. बाकीचं नियम कोण वाचत न्हाय. त्यो एक पाळतोय."

कोल्हापूर येईपर्यंत त्याला कुणीही खड्डा दाखवला नाही. जोतीरामला ते फार आवडलं.

घरी चिमणाबाईंनी फक्त "जेवलास काय?" एवढंच विचारलं. त्या शिव्या देतील म्हणून तो तयार होता, त्यामुळे या प्रश्नाने तो पार ढिला पडला आणि भाकरी खाता खाता सगळं ओकला. त्यांनी ऐकलं.

"हातावर मारलंस ते बेस केलंस," त्या म्हणाल्या. "न सांगता गेलास ते बेस न्हाय केलंस." आणि वाटीत आणखी आमटी वाढली.

रविवारी सकाळी दारात स्कूटर थांबली. पुढे महांतेश, मागे पिराजी. पांढऱ्या पँटीला गोठ्याचा चिखल लागू नये म्हणून महांतेश चवड्यांवर चालत आत आले. जोतीराम आतल्या खोलीत पळाला आणि शर्ट बदलून आला. आपण असं का केलं ते त्याला कळलं नाही. चिमणाबाईंनी पोहे केले आणि समोर बसल्या.

"मालकाच्या हातावर मारणारा ड्रायव्हर आम्हाला पायजे, यव्वा," महांतेश म्हणाले. "गाडी जपणारा."

"पोरगा आमचा चांगलाच हाय. पर माझी एक अट हाय. दर अवसेला त्यो घरात पायजे."

"ते कसं जमतंय? माल काय अमावस्या बघून निघतोय का?"

"तुमी अवसेला कुठं असता?"

"संकेश्वरला. गाडीची पूजा असते, आई वाट बघत..." महांतेश बोलता बोलता थांबले. त्यांनी पोह्यातला शेंगदाणा चमच्याने इकडून तिकडे केला. पिराजी बशीत बघून खात होता, पण त्याचा चमचा थांबला होता.

"मालकांना विचारावं लागतंय," महांतेश अखेर म्हणाले.

"इचारा की. आमी काय पळून चाललोय?"

"आणि विचारणारच हाईसा तर," पिराजी हळूच म्हणाला, "समद्यांचंच इचारा, साहेब."

मालकांनी "जमेल तसं" म्हणून मान्य केलं. जमायचं तसं जमलंही. कधी फौंड्रीचा माल अडला की अमावस्या हुकायची, आणि मग चिमणाबाई शेजारच्यांच्या फोनवरून महांतेशना झापायच्या. ते "व्हय यव्वा, व्हय यव्वा" म्हणत ऐकून घ्यायचे.

पिराजीच्या जोडीने जोतीराम पहिल्यांदा मद्रासला जाऊन आला, तेव्हा ओट्यावर आळीतल्या बाया जमल्या होत्या.

"मद्रास कसं हाय रं?" चिमणाबाईंनी विचारलं.

जोतीरामने बराच विचार केला. त्याने हायवे बघितला होता, पुढच्या ट्रकांची मागची बाजू बघितली होती, आणि एका कारखान्याच्या दारात एक अख्खा दिवस नंबर लावून काढला होता.

"गेट बघितलं," तो म्हणाला.

"कसलं?"

"लोखंडी हाय. निळं. लई मोठं."

चिमणाबाईंनी बायांकडे वळून मान हलवली. "निळं हाय," त्या म्हणाल्या.