तारेतली खरखर

"मामा, बंद करा ती मोटार! तुमच्या गिरणीपायी माझ्या माणसाचा जीव घेता का?" धम्मप्रिया गिरणीच्या दारातून कडाडली.

"अगं, दळण दळून राहिलो, चोरी न्हाई करून राहिलो!" सिद्रामप्पा पिठाच्या धुरळ्यातून ओरडला.

धम्मप्रियेचं तरी काय चुकलं? नव्या मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस येत नव्हता; ते विजेच्या तारेतूनच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, डब्यात जायचं. वस्तीतल्या एकाही घराचं अजून पोचलं नव्हतं. मीटर बसल्यावर मिळालेली आठ दिवसांची सवलत आज संपत होती. दुपारी बारापर्यंत रीडिंग गेलं नाही, तर लातूरचा कॉम्प्युटर घरं बंद समजून लाइन तोडणार होता. आणि तिचा नवरा आनंदराज ऑक्सिजनच्या मशीनवर होता.

कुणाच्या तरी यंत्रामुळे तारेत खरखर येते आणि रीडिंग अडतं, असं लाइनमन गुरुलिंगने सांगितलं होतं. सगळ्यात मोठी मोटार गिरणीची, म्हणून तिने दोष तिथेच लावून टाकला.

सिद्रामप्पाने चिडून गिरणी थांबवली. खरखर थांबली नाही; गुरुलिंगच्या मोबाइलवर एकही रीडिंग दिसेना. मग प्रत्येकाने मेन स्विच पाडायचा आणि अंगणातून ओरडायचं, "बंद केलं!" असं घरामागून घर झालं. शेवटी एकच घर उरलं, धम्मप्रियेचं. तिच्याकडे कुणी बघेना.

"वहिनी," गुरुलिंग खाली मान घालून म्हणाला, "मशीनचा जुना स्टॅबिलायझर... त्योच असंल. वीस मिनिटं बंद करा."

"आन् ह्यांनी श्वास कशानं घ्यायचा?"

स्टॅबिलायझरशिवाय कमी व्होल्टेजवर मशीन चालत नव्हतं. ऑक्सिजनचा सिलिंडर परवाच संपला होता.

"कर... बंद," आनंदराजच म्हणाला.

तिने बटण दाबलं. त्याला पुढे वाकवून बसवलं आणि पाठ चोळत राहिली. त्याची नखं निळी पडली. ती मोठ्याने रडत होती. सिद्रामप्पा पिठाने भरलेल्या अंगाने आत आला आणि खांद्यावरच्या पंच्याने वारा घालू लागला.

बाहेर गुरुलिंग मोबाइलवर रीडिंग पोचलेली घरं मोजत होता. "सत्तावीस... चौतीस... वहिनी, गेली सगळी! लावा मशीन!"

बऱ्याच वेळाने आनंदराजच्या ओठांवर रंग आला. दारातली माणसं हसली, बोलू लागली. गुरुलिंग तेवढा घुटमळत उभा होता.

"दादा, दुसरा स्टॅबिलायझर मिळंपर्यंत... आजपासून रीडिंग रोज पाठवावं लागतंय."

धम्मप्रियेने मशीनच्या बटणावर हात आडवा ठेवला. आनंदराजने नाकातली नळी नीट केली.

"उद्या... किती वाजता?" त्याने विचारलं.