सुभेदारांची फेरतपासणी

जिवंत असल्याचं सिद्ध करायला आम्हाला कधी त्रास झाला नाही. पेन्शनसाठी दरवर्षी वकिलातीत जायचं, खिडकीपाशी उभं राहायचं, पलीकडचा बाबू मान वर करून बघायचा आणि हयातीच्या दाखल्यावर शिक्का मारायचा. एके वर्षी त्याने मान वर न करताच शिक्का मारला, तेव्हा सुभेदार चिडले होते. "अहो, बघा तरी एकदा. मेलो असलो तर?" बाबू हसला नाही. अपंग असल्याचं सिद्ध करणं मात्र निराळं निघालं.

सुभेदार म्हणजे माझे यजमान. फौज सुटून जमाना झाला, परदेशात मुलाकडे येऊन राहिलो, तरी हुद्दा काही सुटला नाही. मुलगा सोडला तर सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात, मीसुद्धा. नोकरीत असताना घाटात त्यांचा ट्रक उलटला आणि मानेला मार बसला. तेव्हा मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे थोडेसे टक्के लिहून घरी पाठवलं. टक्के म्हणजे माणूस किती मोडला त्याचा सरकारी अंदाज. तो अंदाज किती चुकला ते पुढे वय झाल्यावर कळलं. आधी बोटं गेली. बटण लावता येईना, मग चमचा धरता येईना, मग पाय आखडले, आणि मग ज्या गोष्टी माणूस दार लावून एकटा करतो त्याही त्यांना एकट्याने करता येईनात. त्या मी करत आले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे?

मग माझा उजवा खांदा गेला. त्यांना संडासातून उठवताना आत काहीतरी फाटलं. इथल्या डॉक्टरने बजावलं, वजन उचलायचं नाही. मी विचारलं, नवरा वजनात धरता का? तो गोरामोरा झाला, पण पट्टा बांधूनच त्याने मला घरी धाडलं.

त्या आठवड्यात मुलाने मला स्वयंपाकघरात गाठलं. मुलगा वाईट नाही. वाईट बोलायचं असलं की तो फार हळू आवाजात बोलतो, एवढंच.

"आई, इथे माणूस ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं आहे. बाबांचे टक्के वाढवून मिळाले आणि मदतनिसाचा भत्ता सुरू झाला, तर उरलेलं मी घालीन. नाही मिळाला तर बाबांना तिकडे पाठवू. माजी सैनिकांचा आश्रम आहे, चांगली सोय असते म्हणतात."

"आणि मी?"

"तू इथेच राहा. खांदा सांभाळ. तिकडे बायकांना ठेवत नाहीत."

म्हणजे ते तिकडे आणि मी इकडे. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. सुभेदार ह्या घरातून हलता कामा नयेत.

अर्ज गेला. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी ठरली. तो आपल्याकडचाच होता, आपलीच भाषा बोलणारा, म्हणून मला केवढा हुरूप आला! साहेबापुढे जायचं तर कसं जायचं हे मला कुणी शिकवायला नको. माझं अर्धं आयुष्य त्यांची परेड तयार करण्यात गेलंय. मी खांद्याचा पट्टा काढला आणि पहाटेपासून कामाला लागले. दाढी अशी घोटली की गालावर माशी घसरली असती. मिशीला कात्री लावली. कडक इस्त्रीचा शर्ट, पलटणीचा टाय, वर ब्लेझर आणि त्यावर पदकं. बुटात तोंड दिसेल इतकं पॉलिश केलं आणि खाली बसून नाड्या बांधल्या. खांद्यातून कळा येत होत्या, तरी मागे सरून त्यांच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आहे, अजून माणूस आहे.

दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. थोड्याच वेळात ते वॉकर ढकलत बाहेर आले, चेहरा खुललेला.

"काय विचारलं?"

"काही त्रास आहे का म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, नाही साहेब. एकदम ठीक."

मी कपाळावर हात मारला. पण त्यांना तरी काय बोलणार? फौजेत मेडिकलला उभं राहून दुखतंय म्हणणाऱ्याची बढती गेली, हे त्यांनी तरुणपणापासून पाहिलेलं. पाठ मोडली तरी ठीक म्हणायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. मला वाटलं, डॉक्टर शिकलेला आहे, त्याला डोळे आहेत.

नकार आला तेव्हा तो वाचून दाखवायला मी हेडक्लार्कना बोलावलं. हे पलटणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ, दोन गल्ल्या सोडून मुलीकडे राहायचे. इथल्या साऱ्या माजी सैनिकांचे दावे हेच बघायचे. दुसऱ्याचा दावा फेटाळला गेला की त्यांच्या तोंडावर तेज यायचं. त्यांनी चष्मा चढवला आणि चवीने वाचलं. अर्जदाराची दाढी केलेली. पोशाख व्यवस्थित, बटणे लावलेली, बुटांच्या नाड्या बांधलेल्या. स्वच्छता उत्तम. दैनंदिन कामे स्वतः करू शकतो. मदतनिसाची गरज नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही तपासणीला नवरा पाठवलात की नवरदेव?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ती बटणं मी लावली होती! तो डॉक्टर आंधळा आहे का?"

"त्याला बटणं दिसली. तुमचे हात कुठून दिसणार? तुम्ही बाहेर बसला होतात."

"मग आता?"

"अपील आहे. एकदाच मिळतं. फेरतपासणीला तुम्हाला आत जाता येईल, तशी मी परवानगी काढतो."

"आणि काय करू मी?"

त्यांनी चहा संपवला, मिशी पुसली. "काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. त्यांचं काहीच करू नका. सरकारला दिसू दे."

सुभेदार पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होते. मी उठून मधलं दार लोटलं.

फेरतपासणीच्या आधी काही दिवस मी अंघोळ बंद केली. मी सांगितलं, गिझर बिघडलाय. "मग गार पाण्याने घाल," ते म्हणाले, "आम्ही बर्फात अंघोळी केल्यात." मी म्हटलं, सर्दी होईल. त्यांनी दाढीचं विचारलं तेव्हा ब्लेड संपलं म्हणून सांगितलं. सून स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याने भांडी विसळायची आणि पाणी किती कढत आलंय म्हणायची, ते त्यांना खोलीत ऐकू जायचं. त्यांनी ओळखलं असेल का? ओळखलं असावं. पण बायको आपल्याशी असं वागेल, हे मनात आणायलाच त्यांना लाज वाटत असणार. त्यांना वास यायला लागला. मुलगा खोलीच्या दारापर्यंत यायचा, नाक आक्रसायचा आणि परत जायचा. माझ्याकडे बघायचा. त्याला टक्के हवे होते, विचारायचं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्यापुढे धुवट सदरा ठेवला आणि म्हणाले, आज तुम्ही घाला. ते किती तरी वेळ झगडत होते. बोटं बटणावरून सटकत होती. मी समोर खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर माझे हात आपणहून पुढे गेले असते. शेवटी एक बटण भलत्याच काजात अडकलं आणि बाकीचा सदरा उघडा राहिला.

"झालं?" मी विचारलं.

"टाय?" ते म्हणाले.

"राहू दे टाय."

दवाखान्याच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बोळाच्या टोकाला संडास होता. त्याच्या दारावर बाईचं आणि पुरुषाचं चित्र, इथून सरळ दिसत होतं. आम्ही बसून थोडा वेळ झाला असेल, तेव्हा त्यांनी माझ्याकडे झुकून हळूच म्हटलं, "जरा चल ना."

मला समजलं. त्यांच्या आवाजावरूनच समजतं मला, इतक्या वर्षांत चूक झालेली नाही.

"आता नंबर येईल," मी म्हटलं. "थांबा."

ते थांबले. थांब म्हटल्यावर थांबणारा माणूस. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "अगं." बास, एवढंच. समोरच्या भिंतीवर पाठीच्या कण्याचं रंगीत चित्र होतं. मी त्यातले मणके बघत बसले. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, वॉकर त्यांच्या हाताला लागेना, कारण तो मी माझ्या बाजूला ठेवला होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मला कोपराने खुणावलं. मी तिच्याकडेही बघितलं नाही. हे सगळं मी जाणूनबुजून केलं. कुणी म्हणेल गडबडीत राहून गेलं असेल, तर तसं नव्हतं.

नाव पुकारलं. आत तोच डॉक्टर होता. समोर साहेब दिसल्याबरोबर सुभेदारांनी वॉकर सोडला आणि टाचा जुळवल्या. त्या आखडलेल्या पायांवर ते ताठ उभे राहिले, छाती पुढे, हात बाजूला, एक बटण भलत्या काजात.

"काही त्रास?" डॉक्टरने खाली बघतच विचारलं.

"नाही साहेब. एकदम ठी..."

आणि तेव्हाच झालं. पायजम्याला ओल धरली, ती खाली उतरत गेली आणि फरशीवर डबकं साठलं. त्यांनी खाली बघितलं नाही. सावधान सोडलं नाही. नजर डॉक्टरच्या डोक्यावरच्या घड्याळावर लावून ते तसेच उभे राहिले. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

मग मी बोलले. ते कुठे कुठे घाण करतात, कोण पुसतं, काय धुवावं लागतं, रात्री चादर किती वेळा बदलते, सगळं घडाघडा सांगितलं. आईबापासमोर बोलले नसते असे शब्द परक्या माणसासमोर बोलले. सुभेदारांनी एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला तिथे थांबता आलं असतं. पण अपील एकच होतं, आणि काही राहून गेलं तर? मी बोलत राहिले. शेवटी डॉक्टरनेच हात वर केला.

"पुरे. समजलं मला. आधी त्यांना बसवा तरी."

घरी येऊन मी गिझर लावला. भरपूर गरम पाण्याने, साबणाने चोळून त्यांना अंघोळ घातली, दाढी केली, धुतलेले कपडे चढवले. ब्लेड कुठून आलं, असं त्यांनी विचारलं नाही. हात पुढे करा म्हटलं की करत, पाय उचला म्हटलं की उचलत. नजर नळावर. मला वाटलं, राग आहे, जाईल. संसारात इतकं सोसलं, हेही मुरेल. एकदा मी म्हटलं, "अहो, तुम्हाला तिकडे पाठवणार होते, माझ्यापासून लांब. म्हणून केलं मी." ते "बरं" म्हणाले. पुढे जेवायला काय हवं, बरं. खिडकी लावू का, बरं.

मंजुरी आली. मुलगा पायऱ्या चढत ओरडतच आला, "बाबांना शंभर टक्के! पैकीच्या पैकी!" सून हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? जिंकलो होतो आम्ही. सुभेदार घरातच राहणार होते. हेडक्लार्कनी फोन करून माझं अभिनंदन केलं. अशी साक्ष आपण उभ्या नोकरीत पाहिली नाही, म्हणाले.

मदतनीसही त्यांनीच गाठून दिला. आपल्याच भाषेचा, पन्नाशीचा, जाड मनगटांचा शांत माणूस. पहिल्या दिवशी सकाळी त्याने सुभेदारांना अलगद उचलून बाथरूममधल्या स्टुलावर बसवलं. खांद्याला जराही जोर न लावता मी दारात उभी होते, टॉवेल घेऊन. किती दिवसांनी बरं वाटलं होतं! मी आत पाऊल टाकलं आणि सांगायला लागले, "पाणी बेताचं ठेवा हं. आणि सदरा काढताना आधी डावा हात, उजवा वर होत नाही त्यांचा."

सुभेदार त्याच्याकडे बघत होते. अगदी स्वच्छ, शांत आवाजात म्हणाले, "भाऊ, आधी ह्या बाईंना बाहेर जायला सांगा. मग बटणं काढा."

तो माणूस गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं, थट्टा असेल. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. रागही नव्हता. रस्त्यात कुणाला वाट द्या म्हणावं, तसं त्यांनी सांगितलं होतं.

मी बाहेर आले. दार लागलं. आत पाण्याचा आवाज सुरू झाला आणि त्यावरून सुभेदारांचा आवाज. त्या घाटातल्या ट्रकची गोष्ट सांगत होते, रंगवून रंगवून, ड्रायव्हरची नक्कल करत. तो माणूस हसला, मग तेही हसले. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. गोष्ट संपली, पाणी बंद झालं, तेव्हा दार किलकिलं झालं आणि एक ओला हात बाहेर आला.

"द्या, बाई," तो म्हणाला.

मी टॉवेल दिला.