भुरीच्या दाराचं कुलूप

आधीच शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून माझी कवळी तोंडात बसायची नाही. आणि कवळीची शपथ मी उगाच घेत नाही, तिच्यावर माझं जेवण चालतं.

तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किल्लीवाला बसायचा. एक टपरी, किल्ल्या कापायचं मशीन, चार कानशी आणि मागच्या फळीवर लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळ्या किणकिणायच्या. हात असा, की कुलूप त्याला बघूनच सैल पडायचं. एकदा एका बाईचं कपाट त्यानं नुसतं खाकरून उघडलं. मी तिथंच उभी होते. या माणसाला जगातली प्रत्येक किंमत किल्ल्यांतच कळायची. चप्पल घेतली की म्हणायचा, ‘पंधरा किल्ल्या गेल्या पायात.’

टपरीखाली भुरी झोपायची. राखी रंगाची कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. किल्लीवाल्याची बायको घरी गणवेश शिवायची, तिनंच तिला पिल्लू असताना कापडाच्या पिशवीतून आणलेली. घासाघीस करताना गिऱ्हाइकाचा आवाज चढला की भुरीनं डोकं वर करायचं, एवढीच तिची नोकरी. पण ती तिनं कधी चुकवली नाही.

एक दिवस बायको भुरीला लस टोचून घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, डॉक्टरीणबाई म्हणतात हिचं ऑपरेशन करून घ्या. पिल्लं नको असतील तर.”

“किती घेतात?”

तिनं आकडा सांगितला. किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली.

“दोनशे किल्ल्या? कुत्रीला? अगं, माझी दाढ वर्षभर ठणकतेय, तिला मी अजून एक किल्ली दिलेली नाही.”

“दाढेला पिल्लं होत नाहीत.”

“आणि एकदा तरी आई होऊ दे की तिला. मुक्या जिवाचं वाईट कशाला करायचं?”

“तिच्या मायेनं बोलताय की खिशाच्या?”

“कुलूप लावीन मी,” किल्लीवाला म्हणाला. “जन्मभर दुसरं काय केलंय?”

मंडळी, इथंच त्याचं चुकलं. ज्याच्या हातात कुलूप, त्याला सगळ्या अडचणी दारासारख्या दिसतात.

भुरी माजावर आली तशी त्यानं तिला परसातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं आणि स्वतः घडवलेलं कुलूप ठोकलं. बाहेर सात गल्ल्यांतले कुत्रे जमले. रांग लागली. एक लंगडा तर भाजीच्या हातगाडीवर बसून आला. एकानं दोन पायांवर उभं राहून घराची बेल वाजवली, आणि बायकोनं ‘आले, आले’ म्हणत दार उघडलं. हसू नका, तिलाच विचारा.

आठवड्यानं किल्लीवाला परसात गेला. कुलूप शाबूत. किल्ली त्याच्या खिशात. आणि छपराचा पत्रा एका बाजूनं सरकलेला.

पाच पिल्लं झाली. गोंडस होती, गल्ली बघायला लोटली. पण दूध सुटल्यावर पाचांनी घर डोक्यावर घेतलं, शिवलेल्या गणवेशांच्या बाह्या कुरतडल्या. किल्लीवाल्यानं युक्ती काढली. टपरीवर खोकं ठेवलं आणि जो येईल त्याला म्हणायला लागला, “दोन किल्ल्या करा, पिल्लू फुकट.” बघता बघता खोकं रिकामं झालं.

“कोणाकोणाला दिलीत?” बायकोनं विचारलं.

“चांगल्या माणसांना.”

“तुम्हाला कसं कळलं चांगली आहेत?”

“किल्लीचे पैसे रोख दिले.”

भुरी मात्र बरेच दिवस त्या खोक्यात तोंड घालून बसायची.

पुढच्या खेपेला त्यानं पत्रा ठोकून घेतला, फटी बुजवल्या, आणि कुलूप जिंकलं. एकही कुत्रा आत शिरला नाही. किल्लीवाला छाती काढून हिंडला. “वाचल्या की नाही दोनशे किल्ल्या?”

महिनाभरानं भुरी सारखी पाणी प्यायला लागली. खाईना. गिऱ्हाईक भांडलं तरी डोकं वर करीना. किल्लीवाला म्हणाला, आळसावली. बायकोनं तिच्या शेपटीखालचा ओला डाग पाहिला आणि शिलाई मशीनवरचं कापड तसंच टाकून तिला उचलून दवाखान्यात नेलं. किल्लीवाला मागोमाग.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. “गर्भपिशवीत पू झालाय. आत्ताच्या आत्ता काढावी लागेल. पण ही फार थकलीय, काका. खात्री देत नाही. आणि खर्च तेव्हाच्या चौपट.”

“करा,” किल्लीवाला म्हणाला. किती, हे त्यानं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दोघं बाकावर बसून राहिले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या, आणि बायकोनं त्यांचं तोंड बघून पदर डोळ्याला लावला.

“मी तर दार नीट बंद केलं होतं,” किल्लीवाला पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“हे बाहेरून आलं नव्हतं, काका. पिशवी आहे तोवर कुठल्याही कुत्रीला होऊ शकतं. तेव्हा काढली असती तर झालं नसतं.”

“तेव्हा एवढे पैसे नव्हते हो.”

“मी हप्त्यानं घेते. त्या पलीकडच्या प्राण्यांच्या संस्थेत निम्म्यात होतं. तुम्ही विचारलंत कधी?” बाई बाकावर टेकल्या. “तेव्हा तुमचे पैसे वाचले नाहीत. ते भुरीनं भरले. तिच्या पिल्लांनी किती भरले, तुम्हालाच ठाऊक.”

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “तिचं एक पिल्लू परत आणा.”

किल्लीवाला निघाला. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, रडायचं फार, मंडईमागं सोडलं. दुसऱ्याकडचं टेम्पोखाली गेलेलं. तिसऱ्यानं गच्चीवर बांधलं होतं, उन्हाळ्यात मेलं. चौथ्याला पिल्लू घेतल्याचंच आठवेना. पाचवं पेट्रोल पंपावरच्या पोराला दिलेलं. तिथं मागच्या टायरांत एक राखी कुत्री पडली होती, एक कान उभा, एक पडलेला. अंगाची हाडं दिसत होती. किल्लीवाल्यानं तिला उचललं आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. “हिचं करून टाका. हप्ता बांधून द्या.”

आता टपरीवर पाटी आहे: ‘पिल्लं वाटली जात नाहीत. कुत्रीच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत असतील तर सांगा, काही वाटा मी देईन.’

मंडळी, आपण पाळतो तेव्हा फक्त भाकरीचा खर्च धरतो. ऑपरेशनचाही धरा. जमत नसेल तर तोंड उघडून विचारा. आपण टाळलेला खर्च टळत नाही, तो मुक्या जिवाच्या अंगावर पडतो.

आता कवळी टोचायला लागलीय म्हणून एक सांगून टाकते. हातगाडीवरचा लंगडा खरा. बेल वाजवली तेही खरं. पण पंपावर भुरीची लेक सापडली, ते मी मनचं घातलं. तो तिथं टायरांपाशी उभा राहून भुरीला मारायचा तशीच शीळ घालत राहिला, कोणी आलं नाही. परतताना वाटेत एक दुसरीच कुत्री मागं लागली, काळी, दोन्ही कान पडलेले. तिचंच ऑपरेशन केलं त्यानं.

टपरीखाली ती झोपते. गिऱ्हाईक भांडलं तरी डोकं वर करत नाही.