रेवाचा अंगठा

कट्यारीवर अंगठा पुन्हा उमटला होता. तिसऱ्यांदा.

नागोजीने खिडकी उघडून पातं उजेडात धरलं. बारीक तपकिरी रेघा, गोल गोल फिरत गेलेल्या. सोमवारीच त्याने तेल आणि दगड घेऊन ते लख्ख घासलं होतं. आज गुरुवार.

तिरुवल्लिकेणीच्या या गल्लीत पूर्वी तंजावूरहून आलेले हत्यारं घडवणारे राहत. त्यांच्या कट्यारी, तलवारी आता दोन खोल्यांच्या संग्रहालयात होत्या आणि किल्ली तीस वर्षं नागोजीकडे. आज विश्वस्तांचे चिटणीस वेंकोबा तपासणीला येणार होते. गंज दिसला तर किल्ली जाणार, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

काहींच्या घामानं लोखंड गंजतं. असा हात तयार पात्याला लागू द्यायचा नाही, ही या घरांची जुनी रीत. त्याच्या बायकोचा, रेवाचा, हात तसा होता. आयुधपूजेला ती चंदन उगाळायची, तबक आणायची आणि उंबऱ्याबाहेर थांबायची. कुंकू नागोजी लावायचा.

ती जाऊन दीड महिना झाला होता. पात्यावरच्या ठशातला अंगठा डाव्या बाजूला कापलेला होता. विळीवर कापलेला रेवाचा अंगठा त्याला पाठ होता.

त्याने दगड उचलला.

"अप्पा, नका घासू," दारातून त्याची लेक मधुवंती म्हणाली. "दवाखान्यात न्यायच्या सकाळी तुम्ही ऑटो आणायला गेलात ना? अम्मा म्हणाली, एकदा मला आत ने."

"आणि तू नेलंस?"

"तिनं कट्यार हातात घेतली. म्हणाली, तुझ्या अप्पाला सांगू नकोस, ओरडेल."

"ओरडलोच असतो," नागोजी म्हणाला. त्याने दगड खाली ठेवला.

वेंकोबा अकराला आले. चष्मा वर करून त्यांनी पातं पाहिलं.

"अय्यो, नागोजीराव! कुणाचा हात लागला?"

"माझा."

"तुमचा? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तुमच्या हातानं लोखंड गंजत नाही."

"म्हातारपणी गंजतं."

वेंकोबांनी मधुवंतीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांनी हात पुढे केला. नागोजीने कंबरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली.

"एवढंच करा, साहेब. घासू नका. पातं पातळ झालंय. नुसतं तेल लावून कपाटात ठेवा."

"बरं," वेंकोबा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी संग्रहालय उघडलं तेव्हा नागोजी आला. नव्या माणसाने "या की आत" म्हटलं. तो आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर, रेवा थांबायची तिथेच, हात मागे बांधून उभा राहिला. तिथून कपाट दिसत होतं. काचेमागे डाग थोडा मोठा झाला होता.