कानसेनांचं शांत वर्ष

तिनं नवऱ्याच्या कोपराला दोन बोटं लावली आणि मान किंचित डावीकडे वळवली. त्यानं दुर्बीण उचलली, तळ्याकाठच्या उंच गवतात थरथरणारा एकच शेंडा हेरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वटवट्या. शेंड्यापासून हातभर खाली."

मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

"मानलं बुवा!" दंतवैद्य म्हणाले. "आवाज नेमका कुठून येतोय हेच मला कळत नव्हतं. उगाच नाही तुम्हाला कानसेन म्हणत."

तो नुसता हसला. तिनं हात शालीखाली घेतला.

दर रविवारी सकाळी ही पक्षीवेडी मंडळी तळ्यावर जमत. तो त्यांतला सर्वांत जुना. एरवी सुतार, दारं-खिडक्या करायचा. ती एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. इतकी वर्षं तिला कावळा आणि चिमणी यांच्यापलीकडे पाखरांशी देणंघेणं नव्हतं. यंदा मात्र तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. लेक नोकरीसाठी परगावी गेली, घर खायला उठत असेल, असं मंडळी धरून चालली होती.

खरी गोष्ट लेकीच्या फोनपासूनच सुरू झाली होती. फोन आला की तो "कशी आहेस? जेवलीस का?" एवढं विचारायचा आणि तिचं उत्तर पुरं व्हायच्या आत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळा व्हायचा. बाबा हळवे झालेत, असं लेकीला वाटलं. बायकोला मात्र कळायचं ते कळलं. करवतीच्या यंत्राशेजारी जन्म गेलेली कितीतरी माणसं तिच्यासमोर येऊन बसली होती. त्यांचे बारीक, उंच आवाज आधी जातात. लेकरांचे, मुलीबाळींचे. पाखरांचे.

तिनं एकदाच विषय काढला.

"अहो, एकदा दवाखान्यात या ना. बघू तरी."

"माझे कान ठणठणीत आहेत," म्हणत तो उठला, कारखान्यात गेला आणि त्यानं यंत्र सुरू केलं. त्या घरघरीपुढे कोण काय बोलणार! पेशंटांच्या घरच्यांना ती रोज बजावायची, मागे लागू नका, माणूस आणखी अडून बसतो. आता तोच सल्ला स्वतःच्या गळी उतरवताना तिला जड गेला.

मग दुपारी पेशंट संपले, की डबा बाजूला सारून ती तपासणीच्या बंद खोलीत जाऊन बसू लागली. बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी ती खोली. कानांवर हेडफोन चढवायचे आणि मोबाइलवर पाखरं ऐकायची. धोबी, खंड्या, टिटवी. सुरुवातीला सगळी सारखीच वाटायची. एकदा मोठे डॉक्टर दार उघडून आत डोकावले, तेव्हा ती डोळे मिटून शीळ घालत होती. ते काही न विचारता दार लावून गेले.

तळ्यावर तिनं पहिल्यांदा त्याच्या कोपराला बोटं लावली, तेव्हा तो दचकला होता. तिच्याकडे बघत राहिला. मग तिनं दाखवलं तिकडे त्यानं दुर्बीण नेली. पुढच्या रविवारी तो उभा राहिला, तो कोपर तिच्या बाजूला करून.

ती त्याला नुसती दिशा द्यायची. पुढचं सगळं त्याचं असे. एखादी डहाळी वाऱ्यानं हलते आहे की बसणाऱ्याच्या भारानं, हे त्याला लांबून कळे. आकाशात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, तरी तो कसा उडतो यावरून नाव सांगे. कामातही तेच. पातं बोथट झालं की पूर्वी तो आवाजावरून ओळखायचा; आता फळीवर तळवा टेकवून ओळखी. त्या वर्षात त्यानं केलेलं एकही दार कुरकुरलं नाही. कुणाकडे तक्रार न करता हा माणूस जुनंच जग नव्यानं शिकत होता, आणि ती शेजारी उभी राहून बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं असं कौतुक वाटावं, याची तिची तिलाच गंमत वाटे.

वर्षातला तो शेवटचा रविवार होता. चहाचे थर्मास उघडले गेले आणि दरवर्षीप्रमाणे प्रत्येकानं आपापलं वर्ष सांगायला घेतलं. निवृत्त स्टेशनमास्तरांना नात झाली होती. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, ही मात्र आठवडाभर उशिरा आली म्हणाले. दंतवैद्यांनी बासरी धरली होती आणि शेजाऱ्यांनी घर बदललं होतं. हसणं ओसरल्यावर सगळे त्याच्याकडे वळले.

"आमचं काय," तो म्हणाला. "पोरगी रुळली तिकडे. कामं बरी झाली. वर्ष शांत गेलं."

तो कपात बघत थांबला.

"म्हणजे, माझं जरा जास्तच शांत गेलं. तो वटवट्या मला ऐकू आला नाही. यंदा एकही आला नाही. सगळे हिनं ऐकले. कानसेन म्हणायचं, तर हिला म्हणा."

तिनं आपला कप दोन्ही तळव्यांत धरला. मास्तर खाकरले आणि तिच्या कपात पुन्हा चहा ओतत मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, मग आता पुढे या. मागे काय उभ्या राहता!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं पेशंटला बाहेर सोडलं आणि "पुढचे!" म्हणून हाक दिली. बाकावरून इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरा उठला.

"नंबर लावून आलोय," तो म्हणाला. "ओळखीनं नाही."

"बसा आत," ती म्हणाली.

तिनं त्याच्या कानांवर हेडफोन बसवले, हातात बटण दिलं आणि काचेच्या या बाजूला येऊन माइक ओढला. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

जाड आवाज त्यानं पटापट ओळखले. मग ती बारीक आवाजांकडे चढत गेली, तसा अंगठा थंडावला. तो काचेतून तिच्या हाताकडे टक लावून बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"माझ्याकडे बघू नका. डोळे मिटा."

त्यानं डोळे मिटले. तिनं आवाज सोडला. मोठा केला. आणखी मोठा केला. अंगठा हलेना. तिनं आवाजाचा काटा अजून एक घर पुढे नेला, तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या आणि त्यानं बटण दाबलं.

"अरेच्चा," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. "हा आवाज अजून आहे होय!"

"आत बोलायचं नसतं," ती सगळ्यांना सांगायची तसंच म्हणाली. आणि तपासणीला गरज नव्हती, तरी तोच आवाज तिनं पुन्हा एकदा सोडला.